नुसत्या साखरेवर

रात्री दीडच्या सुमारास उठून पिंपाला हात लावला आणि झोप उडाली. चटका बसावा इतकं ते गरम नव्हतं, पण तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळाला हात लागावा तसं वाटलं. झाकण उघडून थर्मामीटर आत सोडला. ३८ अंश. घरच्या व्होडकासाठी संध्याकाळी साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून झाकण लावलं होतं तेव्हा २४ होतं. एअरलॉकमधून, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीतून, बुडबुडे सुटे सुटे येतच नव्हते, सलग धार लागल्यासारखा आवाज होता. त्या आवाजाचा मला तेव्हा आनंद झाला होता, हे खरं सांगायला हवं. वाटलं, काय जोरात काम चाललंय!

२५ लिटरच्या वॉशमध्ये ८ किलो साखर होती. वॉश म्हणजे गाळण्याआधीचं आंबवलेलं पाणी. यीस्टच्या पाकिटावर ४८ तासांचा वायदा छापलेला होता. त्या पाकिटात यीस्टबरोबर त्याची खतंही घातलेली असतात आणि गार खोलीत, थोड्या साखरेवर, ते नीट कामही करतं. मी मात्र साखर पाकिटाने सांगितलेली शेवटची मर्यादा गाठेपर्यंत ओतली होती आणि पिंपाभोवती ऊब राहावी म्हणून वर घोंगडी गुंडाळली होती.

तिसऱ्या दिवशी पिंप गप्प झालं. हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याचा दाटपणा मोजणारी तरंगती काचेची नळी (साध्या पाण्यात १.०००), सोडला तर तो १.०४० वर तरंगत राहिला, खाली जायचं नाव घेईना. सुरुवात १.१२० च्या आसपास होती, म्हणजे साखरेचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा तसाच पडून होता. वास नेलपॉलिशचा, त्याच्या खाली काडी विझवल्यासारखा गंधकाचा. बोट बुडवून जिभेला लावलं. गोड, आणि त्या गोडाच्या मागून घशाला ओरबाडणारं काहीतरी. मी आणखी यीस्ट घातलं, ढवळलं, पिंप उन्हात ठेवून पाहिलं. काही हललं नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगतो. घरी आंबवणं आणि घरी गाळणं यांत कायद्याच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाइन किंवा बिअर घरी करायला पुष्कळ देशांत मुभा असते. तेच आंबवलेलं पाणी चुलीवर चढवून त्याची वाफ धरली की बहुतेक ठिकाणी तो गुन्हा होतो. न्यूझीलंडने १९९६ साली घरच्या वापरापुरतं गाळणं मोकळं केलं, पण असे देश थोडे. मी राहतो तिथे घरच्यापुरती परवानगी आहे, म्हणून मी गाळतो. जिथे ती नाही तिथल्या वाचकाने हे सगळं पिंपापाशीच थांबवावं. माझ्या लेखी खरी गंमत पिंपातच आहे, त्यामुळे फारसं काही गमावणार नाही.

तर, पिंप बंद पडलं त्या आठवड्यात ताई आली होती. ताई जीवशास्त्र शिकवते. मी तिला माझं गाऱ्हाणं सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक आणि निळ्या रंगाची एक छोटी बाटली घेऊन आली. मेथिलीन ब्लू. पिंपातल्या तळाचा थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात रंगाचा थेंब मिसळला, वर पातळ काच ठेवली, दोन-तीन मिनिटं थांबली आणि डोळा लावून बराच वेळ काही बोललीच नाही.

मग म्हणाली, "ये, बघ."

चारशे पट मोठं केलेलं ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. गोल, लंबगोल पेशी दाटीवाटीने पसरलेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक गडद निळ्या. जिवंत यीस्ट हा रंग आत आला तरी त्याला रंगहीन करून टाकतं, मेलेल्याला ते जमत नाही. म्हणजे समोर दिसत होतं ते स्मशान होतं. मधूनच एखादी पेशी पांढरी, काठ चमकणारा, तग धरून राहिलेली. कळी फुटलेली एकही नाही.

"तू यांना जेवायला काय घातलं होतंस?"

"साखर."

"आणखी?"

"पाकिटात जे काही होतं ते. बाकी साखरच."

"अरे, नुसत्या साखरेवर कोण जगतं?"

ती हे रागावून म्हणाली नव्हती. वर्गात एखादं पोर चुकीचं उत्तर देतं तेव्हा ती जसं उलटं विचारते, तसंच तिने विचारलं. पण मला ते लागलं, कारण तोवर यीस्टला जेवण लागतं असं माझ्या मनातच आलं नव्हतं. माझ्या हिशेबात साखर हा कच्चा माल होता, दारू हा पक्का, आणि यीस्ट ही मधली पावडर.

साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, एवढंच असतं. जळणाला ते पुरतं. पण घर बांधायला, म्हणजे नव्या पेशी तयार करायला, प्रथिनं लागतात आणि प्रथिनांना नायट्रोजन. शिवाय फॉस्फरस, मॅग्नेशियम, जस्त, बी गटातली जीवनसत्त्वं, आणि पेशीचं आवरण लवचीक ठेवायला सुरुवातीला थोडा प्राणवायू. शुभ्र साखरेतून आपण हे सगळं आधीच धुऊन काढलेलं असतं. पाकिटातली खतं ते काही अंशी भरून काढतात, पण मी साखरेचा डोंगरच इतका मोठा रचला होता की ती खतं कुठच्या कुठे गेली. वर पुन्हा साखरेच्या पाण्याला आम्लता पेलण्याची ताकद जवळजवळ नसते. यीस्ट काम करता करता पाणी आंबट करत जातं, धान्याच्या पाण्यात तो आंबटपणा मुरतो, साखरेच्या पाण्यात पीएच घसरत घसरत तीनच्या खाली जातो आणि यीस्टचा जीव घुसमटतो. त्यात तो ताप. आंबताना उष्णता किती निघते याचा अंदाज नसतो आपल्याला. तेवढ्या साखरेची सगळी उष्णता आत कोंडली गेली तर पाणी वीस अंशांहून कितीतरी जास्त चढेल. आणि मी वरून घोंगडी पांघरली होती.

ताईने त्या संध्याकाळी मला एक जुनी हकिकत सांगितली, ती मला फार आवडते. १८३७ साली थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने म्हटलं की यीस्ट हा सजीव आहे आणि दारू होते ती त्याच्या जगण्यातून. त्याने त्याला साखरेची बुरशी म्हटलं. आज आपण ज्याला सॅकरोमायसेस म्हणतो त्या नावाचा अर्थही तोच. त्या काळच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना हे पटेना. १८३९ साली त्यांच्यातल्याच लिबिगच्या नियतकालिकात एक निनावी टवाळी छापून आली: सूक्ष्मदर्शकाखाली म्हणे यीस्टचे इवलेसे प्राणी दिसले, त्यांचा आकार थेट गाळण्याच्या चंबूसारखा, ते एका बाजूने साखर खातात आणि दुसऱ्या बाजूने दारू सोडतात. लिबिग आणि व्होलर, दोघेही आपापल्या परीने थोर माणसं, पण ही टवाळी त्यांचीच. पुढे वीस वर्षांनी पाश्चरने श्वानच्या बाजूने निकाल दिला. मला त्या टवाळीचा राग येत नाही. मीही पिंपाकडे तसाच पाहत होतो, एका बाजूने घाला, दुसऱ्या बाजूने काढा.

पहिलं पिंप मी मोरीत ओतलं. २५ लिटर. ओतताना वाईट वाटलं, आणि साखरेपेक्षा त्या निळ्या पेशींचं जास्त.

दुसऱ्या वेळी धान्य घेतलं. दीड किलो भरडलेला गहू आणि अर्धा किलो बार्लीचं मॉल्ट. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. दाण्याला मोड फुटतो तेव्हा तो आपल्या पोटातला साठा, म्हणजे पिष्ट, फोडून कोंबाला साखर पुरवायची तयारी करतो आणि त्यासाठी अमायलेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करतो. मॉल्ट करणारा त्याला नेमका त्या क्षणी वाळवून थांबवतो. कात्र्या तयार, कापड कापलेलं नाही. ते मॉल्ट गरम पाण्यात गव्हाबरोबर टाकलं की त्या कात्र्या गव्हाचं पिष्टही कापतात. यीस्टला पिष्ट खाता येत नाही, कापलेली साखर येते.

पातेल्यात आठ लिटर पाणी, त्यात गहू आणि मॉल्ट, आणि तासभर ६५ अंश. हा तास मला या सगळ्या उद्योगातला सर्वांत सुंदर तास वाटतो. सुरुवातीला लापशीसारखं घट्ट, डाव फिरवताना मनगट दुखतं. पंधरा-वीस मिनिटांत ते सैल होऊ लागतं. पाणी न घालता पातळ होत जाणारी लापशी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी डाव तसाच धरून उभा राहिलो. दर दहा मिनिटांनी पांढऱ्या बशीत थेंबभर काढून त्यात आयोडीन टाकायचं. पिष्ट शिल्लक असेल तर थेंब शाईसारखा काळानिळा होतो. मग जांभळट. मग तपकिरी. आणि एका वेळी आयोडीन आपल्याच पिवळसर रंगात राहतं. बशीवर ओळीने असे सहा थेंब होते, काळ्यापासून पिवळ्यापर्यंत. ते मी त्या दिवशी धुतलेच नाहीत. तापमानाकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. ७० च्या वर गेलं की विकरं बिघडू लागतात आणि बिघडलेली पुन्हा जोडता येत नाहीत.

मग त्यात ३ किलो साखर विरघळवली आणि गार पाणी घालून सगळं २३ लिटर केलं. हायड्रोमीटर १.०७२ वर थांबला. लिटरला १७ ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक टक्का मद्यार्क, हा हिशेब धरला तर दहाच्या आसपास जाईल असा अंदाज होता. पहिल्या वेळी मी अठराच्या मागे लागलो होतो. दहा टक्क्यांचा वॉश गाळायला थोडा जास्त वेळ जातो, एवढाच त्याचा तोटा.

२८ अंशांवर आल्यावर एका पातेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून ओतून त्यात हवा मिसळली आणि कोमट पाण्यात जागं केलेलं यीस्ट घातलं. घोंगडी नाही. उलट पिंप पाण्याच्या रुंद टबात ठेवलं, म्हणजे उष्णता निघून जायला वाट राहील. खोलीची खिडकी उघडी ठेवली. हे आवर्जून सांगतो, कारण फार कमी जण याचा विचार करतात: एवढ्या वॉशमधून हजार लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि बंद खोलीत जमिनीलगत साचतो.

यीस्टचा एक स्वभाव मला तेव्हा कळला. आपण समजतो की प्राणवायू संपला, नाइलाज झाला, की ते दारू करायला लागतं. पण या यीस्टला भरपूर साखर दिसली की ते प्राणवायू असतानाही दारूच करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. हर्बर्ट क्रॅबट्रीने १९२९ साली कर्करोगाच्या गाठीच्या पेशींत तसंच काहीतरी पाहिलं, त्यावरून हे नाव पडलं. असं का करत असावं? एका साखरेतून मिळणारी ऊर्जा श्वास घेऊन कितीतरी जास्त मिळते. पण दारू केली की साखर भराभर संपवता येते आणि शेजारचे जंतू त्या दारूने मरतात. शेत स्वतःचं करून घ्यायचं आणि मग सवडीने उरलेली दारूही खायची, अशी ही रीत. म्हणजे घाई यीस्टच्या रक्तातच आहे. आपण वेगळी घाई करायची गरजच नसते.

आणि तसंच झालं. पहिल्या रात्री पिंप २७ अंशांवर. एअरलॉक शांतपणे, एका चालीत, टप... टप... दुसऱ्या दिवशी फेस वर आला, गव्हाचा दाट पांढरा फेस, त्याला ताज्या पिठाचा आणि सफरचंदाचा वास. तिसऱ्या दिवशी १.०२०. चौथ्या दिवशी संध्याकाळी हायड्रोमीटर पाण्याच्या खुणेखालीही गेला, ०.९९८. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका म्हणून असं होतं. जिभेवर ठेवलं: कोरडं, आंबटसर, स्वच्छ. ४८ तासांचं पिंप कधी संपलंच नव्हतं आणि हे चार दिवसांत तळापर्यंत खाऊन मोकळं झालं. घाईने आंबवण्याविरुद्ध माझी तक्रार नाही. उपाशी, तापलेल्या, आंबटात बुडालेल्या यीस्टकडून करवून घेतलेल्या घाईविरुद्ध आहे. तब्येत चांगली असेल तर ते आपणहून धावतं.

व्होडकाच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिला लपायला जागा नाही. व्हिस्कीला लाकूड असतं, जिनला जुनिपर. व्होडका हे नावच पाण्यावरून आलंय. रशियन 'वोदा' म्हणजे पाणी, आणि आपलं 'उदक' त्याच कुळातलं. पाण्यासारखी व्हावी अशी जिच्याकडून अपेक्षा, तिच्यात पिंपातलं प्रत्येक दुखणं दिसतं. त्रासलेलं यीस्ट जास्त ॲसिटाल्डिहाइड सोडतं, जास्त इथाइल ॲसिटेट, ज्याचा तो नेलपॉलिशचा वास, आणि अमिनो आम्लांची ओढाताण झाली की जड, तेलकट फ्यूजेल अल्कोहोल. गाळताना हे वेगळं करता येतं, पण पुरतं नाही.

गाळण्याबद्दल थोडंच लिहितो. उभा स्तंभ, आत तांब्याच्या जाळ्या. वाफ वर चढते, थंडावून थेंबाने परतते, पुन्हा चढते, आणि प्रत्येक फेरीत थोडी शुद्ध होत जाते. तांबं गंधकाचा वास धरून ठेवतं. कितीही फेऱ्या मारल्या तरी वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे मद्यार्क जात नाही. त्या प्रमाणात पाणी आणि मद्यार्क मिळून ७८.२ अंशांना एकाच मापाने उकळतात आणि मग एकमेकांना सोडत नाहीत. उघडी ज्योत मी कधीही वापरत नाही. ती वाफ पेट घेते, आणि यात 'बहुतेक नाही' असं काही चालत नाही.

सुरुवातीला येणारं टाकून द्यायचं, मधलं ठेवायचं, शेवटचं बाजूला काढायचं, हे सगळे सांगतात. पण मिथेनॉलबद्दल लोकांच्या मनात जो घोळ आहे तो मला स्पष्ट करावासा वाटतो. मिथेनॉल येतं ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनमधून. साखर आणि धान्याच्या वॉशमध्ये ते नगण्य असतं. विषारी दारूने माणसं मरतात, त्यामागे बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल बाहेरून मिसळलेलं असतं, आणि पहिला हिस्सा टाकला किंवा निळी ज्योत दिसली म्हणून ती दारू सुरक्षित होत नाही. मिथेनॉलही निळंच जळतं. कुठून आलं ते माहीत नसलेलं काहीही पिऊ नये, ओळखीच्या माणसाने आग्रह केला तरी.

मधला हिस्सा कुठे सुरू होतो ते मी हाताने ओळखतो. तळहातावर दोन थेंब, दोन्ही हात चोळायचे, मद्यार्क उडू द्यायचा आणि मागे राहिलेला वास घ्यायचा. पहिल्या बाटल्यांत मागे रंगाच्या दुकानाचा वास राहतो. मग एक बाटली येते तिच्यात काहीच राहत नाही, फक्त स्वतःच्या हाताचा वास. शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागला की थांबायचं. नव्या वॉशमध्ये तो पुठ्ठा फार उशिरा आला. स्तंभ तोच, मी तोच, वॉश वेगळा.

कोळशातून मी हल्ली गाळत नाही. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गच्या एका औषधशाळेत तोवियास लोवित्सच्या लक्षात आलं की कोळसा मळलेल्या द्रावणाचा रंग आणि वास ओढून घेतो, आणि धान्याची दारू तशी साफ करावी असंही त्याने सुचवलं. तेव्हापासून व्होडका आणि कोळसा ही जोडी जमली. शोध मोठाच. पण माझ्या पिंपात आता कोळशाने झाकावं असं काही उरत नाही, आणि गव्हाची जी अगदी पुसट गोडी जिभेच्या कडेला रेंगाळते तीही कोळसा घेऊन जातो. ती मला हवी असते.

शेवटी पाणी घालून ४० वर आणायचं. इथेही एक नवल आहे: ५० मिलीलिटर मद्यार्क आणि ५० मिलीलिटर पाणी मिसळलं की १०० होत नाही, तीन-चार मिलीलिटर कमीच भरतं. दोन्हींचे रेणू एकमेकांच्या फटींत दाटीने बसतात. काचेच्या भांड्याला हात लावला तर ते कोमट झालेलं असतं. मेंडेलीव्हने १८६५ साली याच मिश्रणावर प्रबंध लिहिला. त्यानेच व्होडकाचे ४० टक्के ठरवले ही मात्र दंतकथा आहे. मिसळून झाल्यावर मी बाटल्या आठवडाभर तशाच ठेवतो. त्या दिवसांत काय होतं ते नेमकं सांगता येणार नाही, पण धार कमी होते.

ताई पुन्हा आली तेव्हा मी तिच्यासमोर बाटली ठेवली. तिने ती बाजूला सारली.

"ते नंतर. तळ ठेवलायस ना?"

ठेवला होता. पिंपाच्या तळचा साका, दाट, फिकट पिठूळ रंगाचा, एका मोठ्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये. पुढच्या वेळचं विरजण. तिने त्यातला थेंब घेतला, निळा रंग घातला, डोळा लावला. या वेळी तिने बोलावायची वाट न पाहता मी तिच्या खांद्यावरून वाकलो होतो. पांढऱ्या पेशी, जिकडेतिकडे. निळ्या मोजून सहा-सात. आणि एका पेशीच्या कडेला छोटा फुगा, अजून आईला चिकटलेला, आत दाणेदार काहीतरी थरथरतंय.

"कळी," ताई म्हणाली. बराच वेळ तिने काचपट्टी हलवलीच नाही.

जाताना तिने छोट्या बरणीत थोडा साका मागून घेतला, मुलांना दाखवायला. मी भरून दिला, झाकण फिरवलं, घट्ट केलं. तिने बरणी माझ्या हातातून घेतली आणि झाकण अर्धा फेरा उलटं फिरवलं.

"सैल ठेव रे. श्वास घेतायत ती."